इकाम्याची मुदत

हैद्राबादहून सोलापूर-पुण्याकडे जाणारा जुना हमरस्ता बिदर जिल्ह्यातून जातो. या रस्त्याने हुमनाबाद मागे टाकून बसवकल्याणकडे येऊ लागले म्हणजे राजेश्वर हे गाव लागते. कानडी, मराठी आणि दखनी या तिन्ही बोली येथे एकाच बाजारात ऐकू येतात. १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात आले आणि १९७३ मध्ये त्या राज्याचेच नाव कर्नाटक झाले. गाव जागचे हलले नाही, सरकारे मात्र बदलत गेली. गावची माणसेही पोटासाठी हलत राहिली. सोलापूर, मुंबई, हैद्राबाद या वाटा जुन्याच होत्या. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव भडकले, अरबी आखातात बांधकामांचा सुकाळ झाला, आणि दख्खनमधील इतर भागांप्रमाणे या टापूतल्या गवंड्यांना, सुतारांना, मोटारचालकांना रियाध, जेद्दा, दम्माम, दुबई, दोहा, कुवेत ही नावे परिचयाची झाली.

आखाताला निघालेल्या मुलाचा व्हिसा आला म्हणजे घरात पेढे वाटले जातात. त्यात गैर काही नाही. परंतु त्या आनंदात एक गोष्ट नजरेआड होते. व्हिसा हा केवळ दार उघडणारा कागद आहे. घरात किती दिवस राहावयाचे हे दुसराच एक कागद ठरवितो. सौदी अरबस्तानात त्याला इकामा म्हणतात. कामगार तेथे उतरल्यानंतर त्याची वैद्यकीय तपासणी होते, बोटांचे ठसे घेतले जातात, आणि पहिल्या ९० दिवसांत त्याच्या नावे इकामा निघावा असा दंडक आहे. २०१५ पासून या कार्डावर पाच वर्षांची मुदत छापली जाऊ लागली. परंतु ती कार्डाची मुदत होय, माणसाची नव्हे. माणसाचा राहण्याचा हक्क सामान्यतः वर्षावर्षानेच वाढवावा लागतो आणि ती वाढ कार्डावर दिसत नाही, सरकारी दप्तरातील नोंदीवर दिसते. कार्डावरची तारीख पाहून निर्धास्त राहिलेल्या कामगाराची फसगत होते ती येथे.

घरची माणसे दूरध्वनीवर “पैसे कधी धाडतोस?” असे विचारतात, “सुट्टी कधी आहे?” असेही विचारतात. “इकामा कधी संपतो रे?” असे विचारणारा बाप मात्र विरळा. वास्तविक पहिल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या तिसऱ्या प्रश्नाच्या पोटात दडलेले असते. इकामा संपला की बँकेतील खाते अडते, गावी पैसे धाडणे अडते, सुट्टीवर जाण्याचा परवाना निघत नाही, विमा थांबल्याने रुग्णालयाचे दार जड होते. रस्त्यात पोलिसाने हटकले तर दाखविण्यास काही उरत नाही. मुदत वाढविण्यास उशीर झाला तर पहिल्या वेळी ५०० रियाल दंड, दुसऱ्या वेळी १,००० रियाल आणि तिसऱ्या वेळी देशाबाहेर पाठवणी, अशी त्या देशाची चढती शिक्षा आहे.

आता ही मुदत वाढवावयाची कोणी? आपल्याकडे मोटार हाकण्याचा परवाना संपला तर ज्याचा परवाना तोच कचेरीत जातो, शुल्क भरतो आणि परवाना वाढवून आणतो. इकाम्याचे तसे नाही. तो ज्याच्या नावावर असतो त्या कामगाराला तो वाढविता येत नाही. तो वाढवितो त्याचा मालक, ज्याला तेथे कफील म्हणतात. कफील या शब्दाचा मूळ अर्थ जामीन राहणारा. परक्या माणसाबद्दल कोणीतरी स्थानिकाने सरकारला जबाबदार राहावे, हा या पद्धतीचा उगम. कल्पना वाईट नव्हती. परंतु जो जामीन तोच धनी आणि जो धनी त्याच्याच हाती राहण्याचा परवाना, असे तिहेरी नाते एकाच माणसाशी जोडले गेले, आणि त्यामुळे पगाराची तक्रार करावयाची तर परवान्याची चिंता वाटू लागली.

कायदा कामगाराच्या बाजूने काहीच बोलत नाही असे मात्र नाही. सौदी अरबस्तानच्या २००५ सालच्या कामगार कायद्याच्या चाळिसाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, परदेशी कामगार आणण्याचा खर्च, इकामा व कामाचा परवाना यांचे शुल्क, त्यांच्या नूतनीकरणाचा खर्च आणि उशीर झाल्यास होणारा दंड हे सर्व मालकाने सोसावयाचे आहे. घरच्या लोकांनी हे कलम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण नूतनीकरणाच्या नावाखाली पगारातून रक्कम कापली जाते तेव्हा पुष्कळांना ती रीतच वाटते. पासपोर्ट मालकाने स्वतःपाशी ठेवून घेणे हेही तेथील कायद्याला मंजूर नाही. तरीही ते सर्रास चालत आले आहे.

मालक टाळाटाळ का करतो, याचा थोडा हिशेब मांडून पाहावा. इकाम्याचे वार्षिक शुल्क ६५० रियाल आणि कामाच्या परवान्याचे १०० रियाल. एवढेच असते तर कोणी कुरकुर केली नसती. परंतु देशी तरुणांना काम मिळावे म्हणून परदेशी कामगारांवर मासिक पट्टी बसविण्यात आली. जानेवारी २०१८ पासून, ज्या आस्थापनेत परदेशी कामगार देशी कामगारांहून अधिक, तेथे दर माणशी दरमहा ४०० रियाल. २०१९ मध्ये ६०० आणि २०२० मध्ये ८०० रियाल अशी ती चढत गेली. म्हणजे वर्षाला ९,६०० रियाल, आणि वरील दोन शुल्के मिळविली तर १०,३५०. विम्याचा हप्ता निराळाच. ज्या मजुराला दरमहा १,५०० रियाल मिळतात त्याची वर्षाची कमाई १८,००० होते. त्याला आणखी एक वर्ष ठेवून घेण्याचा परवाना त्याच्या निम्म्याहून अधिक पगाराएवढा महाग झाला! कारखान्यांना २०१९ पासून या पट्टीत सवलत मिळाली आणि अगदी लहान दुकानांनाही काही सूट होती. परंतु बांधकामाच्या मधल्या ठेकेदारांना ही पट्टी चांगलीच जाचली. त्यांनी ती कोणाच्या अंगावर ढकलली असेल हे सांगावयास नको. कुटुंबाला सोबत नेणाऱ्यांवरही जुलै २०१७ पासून माणशी दरमहा १०० रियालचा कर बसला आणि दरवर्षी शंभराने वाढत २०२० मध्ये ४०० वर पोहोचला. बायकामुलांना भारतात परत पाठवून स्वतः एकट्याने खोलीत राहणाऱ्यांची संख्या त्या काळात वाढली ती यामुळे.

येथे ‘आझाद व्हिसा’ या फसव्या शब्दाचा समाचार घेतला पाहिजे. हैद्राबाद, बिदर, कलबुर्गी या बाजूस हा शब्द घरोघर माहीत आहे. त्याचा अर्थ असा सांगतात की, कफील केवळ नावापुरता. काम कोठेही करावे, वाटेल तेथे कमवावे. असा कोणताही व्हिसा कोणत्याही सरकारने काढलेला नाही. कोणी तरी आपल्या नावावर कामगार आणण्याची परवानगी मिळवितो, ती विकतो, आणि विकत घेणारा मोकळा सुटला असे समजतो. दरवर्षी नूतनीकरणाची वेळ आली म्हणजे हाच कफील हात पुढे करतो; आणि पट्टी, शुल्क, विमा, शिवाय स्वतःची मेहरबानी यांची किंमत मजुराकडून उकळतो. न दिल्यास ‘हा माणूस कामावरून पळाला’ अशी वर्दी देणे त्याच्या हाती असते. तिला तेथे हुरूब म्हणतात. नाव आझाद आणि बेडी सर्वांत घट्ट, असा हा प्रकार आहे.

मालक प्रामाणिक असूनही मुदत वाढू नये, असेही घडते. २०११ मध्ये सौदी सरकारने निताकत नावाची योजना आणली. आस्थापनेत देशी कामगारांचे प्रमाण किती, यावरून तिला रंग देण्यात आला. हिरव्यात असलेल्याचे परवाने वाढत, लालमध्ये गेलेल्याचे वाढत नसत. मजुराचा यात दोष काय? काहीच नाही; त्याच्या मालकाने पुरेसे सौदी तरुण नेमले नाहीत एवढेच. २०१३ मध्ये कागद नीट करून घेण्यासाठी सर्वांना सवलतीची मुदत मिळाली. ती आधी ३ जुलैपर्यंत होती, पुढे ३ नोव्हेंबरपर्यंत वाढली. लाखो भारतीयांनी त्या काळात मालक बदलले, हुद्दे बदलून घेतले, आणि ज्यांना ते साधले नाही ते दंडावाचून परत आले.

याहूनही मोठा प्रसंग २०१६ च्या उन्हाळ्यातला. तेलाचे भाव कोसळले होते, सरकारी बांधकामांची देणी थकली होती, आणि सौदी ओजे या प्रचंड बांधकाम कंपनीतील हजारो भारतीय कामगार महिनोन् महिने पगारावाचून छावण्यांत अडकून पडले. कंपनीने इकामे वाढविले नव्हते. त्यामुळे दुसरीकडे काम धरता येईना आणि घरीही जाता येईना. परदेशगमनाचा परवाना निघण्यास आधी चालू इकामा लागतो आणि चालू इकाम्यास आधी मालक लागतो. भारत सरकारला अन्नवाटपाची व्यवस्था करावी लागली. परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह ऑगस्टमध्ये जेद्दाला गेले, आणि मुदत संपलेल्यांनाही दंड न भरता बाहेर पडू द्यावे असे ठरले. कंपनी पुढे २०१७ मध्ये बंद पडली. ज्यांनी तेथे वर्षानुवर्षे राबून शहरे उभी केली त्यांना थकलेल्या पगाराचे दावे मागे ठेवून विमानात बसावे लागले.

या सर्व प्रकरणांच्या मुळाशी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे बिदरच्या माणसाने तरी विशेष लक्ष द्यावे. इकाम्याची वर्षे साचत नाहीत. पंधरा वेळा मुदत वाढवून घेतलेला मजूर सोळाव्या वेळी पुन्हा पहिल्या दिवशीच्याच पायरीवर उभा असतो.

बिदरच्या माणसाने म्हणण्याचे कारण असे की, परका नोकर आणि त्याचा राहण्याचा हक्क हा या मुलखाचा फार जुना विषय आहे. बहमनी दरबारात दखनी आणि आफाकी, म्हणजे येथले आणि समुद्रापलीकडून आलेले, असे दोन पक्ष होते. इराणातील गिलानचा महमूद गावान १४५३ साली व्यापाराच्या निमित्ताने दाभोळ बंदरात उतरला, बिदरला आला, आणि पुढे राज्याचा वजीर झाला. त्याने बांधलेल्या मदरशाच्या भिंतींवरील रंगीत कौले आजही बिदर शहरात पाहावयास मिळतात. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून त्यावर खोटे पत्र लिहिले, आणि ५ एप्रिल १४८१ रोजी सुलतानाने त्याला ठार करविले. अठ्ठावीस वर्षांची चाकरी एका कागदाने संपली. त्या काळी मुदत नव्हती, नूतनीकरण नव्हते. धन्याची मर्जी हाच परवाना होता.

निजामाच्या काळात मर्जीला नियमाची चौकट आली. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या अधिकाऱ्यांनी सरकारी जागा भरून टाकल्या अशी ओरड झाली, आणि मुलकी व गैरमुलकी हा भेद कायद्यात आला. १९१९ च्या फर्मानानंतरच्या नियमांप्रमाणे गैरमुलकी माणसास निजामाच्या खास मंजुरीवाचून नोकरी देता येत नसे. परंतु त्याच नियमांत एक दार उघडे ठेवलेले होते. जो राज्यात पंधरा वर्षे कायम राहिला, ज्याने पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडला, आणि ज्याने तसा प्रतिज्ञालेख मॅजिस्ट्रेटसमोर करून दिला, तो मुलकी गणला जाई. या नियमांवरून पुढे किती रणे माजली! सप्टेंबर १९५२ मध्ये हैद्राबादेत विद्यार्थ्यांवर गोळीबार होऊन बळी गेले, आणि १९७२ पर्यंत हा वाद सर्वोच्च न्यायालयात घोळत राहिला. ते सारे येथे बाजूस ठेवू. लक्षात घेण्याजोगे एवढेच की, त्या संस्थानी नियमांतही राहिलेल्या वर्षांना मोल होते. पंधरा वर्षे एकत्र मोजली जात.

योगायोग असा की, त्या काळी नोकरीसाठी समुद्र ओलांडून येणाऱ्यांत अरब पुष्कळ होते. दक्षिण अरबस्तानातील हद्रमौत प्रांतातून ते निजामाच्या लष्करात शिपाई म्हणून येत. हैद्राबादेतील बारकस ही वस्ती त्यांचीच. नाव इंग्रजी बराकीवरून पडलेले. १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर त्यांतील अनेकांना परके ठरवून परत धाडण्यात आले, अनेक येथेच रुजले. त्यांची नातवंडे-पतवंडे पुढे कामधंद्यासाठी आखातात जाऊ लागली आणि तेथे तीही परकीच ठरली. सौदी अरबस्तानने २०१९ मध्ये कफिलावाचून राहण्याची विशेष सनद देऊ केली खरी. पण तिची किंमत कायमसाठी ८,००,००० रियाल आणि वर्षापुरती १,००,००० रियाल अशी ठेवलेली होती. गवंड्याला तिचा काय उपयोग?

मुदतीच्या मोजणीत आणखी एक लहानशी पण घातक अडचण असे. इकाम्याची तारीख हिजरी सनाप्रमाणे धरली जाई. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. इंग्रजी वर्षाहून ११ दिवसांनी तोकडे. करार इंग्रजी तारखेने आणि परवाना हिजरी तारखेने असला म्हणजे तीन वर्षांत महिन्याचे अंतर पडे, आणि दंड त्या अंतरात बसे. बिदर-कलबुर्गीच्या वडीलधाऱ्यांना यात नवल वाटू नये. फसली, हिजरी, शक आणि इंग्रजी अशा चार सनांचा मेळ घालीतच त्यांच्या मागच्या पिढ्यांनी सारा भरला. २०२३ मध्ये सौदी मंत्रिमंडळाने सरकारी व्यवहारांतील मुदतींसाठी इंग्रजी सनाचा अवलंब करण्याचे ठरविले, त्यामुळे हा घोटाळा कमी झाला आहे. तरीही दोन्ही तारखा घरच्या वहीत लिहून ठेवण्याने नुकसान काहीच नाही.

मालकाने अर्ज न करता मुदत वाढली, असा एक काळ नुकताच येऊन गेला. मार्च २०२० मध्ये विमाने थांबली. सुट्टीवर गावी आलेले कामगार गावीच अडकले. त्यांच्या हाती परतण्याचा परवाना असे, तो दोन-तीन महिन्यांचा. आणि तो उलटला तर तीन वर्षे दुसऱ्या मालकाकडे त्या देशात पाऊल ठेवता येणार नाही, असा तेव्हाचा नियम होता. सौदी राजाच्या आज्ञेने इकामे आणि परतीचे परवाने विनामूल्य व आपोआप वाढविण्यात आले. एकदा नव्हे, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत अनेकदा. भारतातून थेट प्रवेश मात्र १ डिसेंबर २०२१ पासूनच मिळू लागला. त्याआधी ज्यांना जावयाचे होते त्यांना तिसऱ्या देशात चौदा दिवस काढून जावे लागे. त्यासाठी पदरचे पैसे, नाहीतर कर्ज. परवाना जिवंत होता पण नोकरी मेली होती, असेही अनेकांच्या वाट्यास आले. कारण राजाज्ञेने इकामा वाढतो, मालकाचे काम वाढत नाही.

अलीकडे ही गाठ काही ठिकाणी सैल झाली आहे, हेही सांगणे न्यायाचे होईल. बहारीनने २००९ मध्येच मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची वाट काढली होती. कतारने २०२० मध्ये ना-हरकत दाखल्याची अट काढून टाकली. सौदी अरबस्तानात १४ मार्च २०२१ पासून नवे नियम लागू झाले. एका मालकाकडे वर्ष पूर्ण झाले असेल तर आगाऊ सूचना देऊन दुसरीकडे जाता येते. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, लागोपाठ तीन महिने पगार न मिळाल्यास, अथवा मालकाने इकामा वाढविला नसल्यास, वर्षाची वाट न पाहता व त्याची संमती न घेता बदली मागता येते. म्हणजे ज्या चुकीमुळे पूर्वी मजूर तुरुंगाच्या दारात जाई, तीच चूक आता त्याला सोडवणुकीचे कारण होऊ शकते. इकामा तीन-तीन महिन्यांच्या हप्त्याने वाढविण्याची सोयही त्याच वर्षी झाली. परंतु घरकाम करणाऱ्या स्त्रिया, खासगी मोटारचालक, माळी, मेंढपाळ यांना या बदल्यांच्या नियमांतून वगळले होते. दूरच्या वस्तीत एकाच कुटुंबाच्या आसऱ्याने राहणारी, सर्वांत एकाकी अशी ही माणसे आहेत. सुधारणा त्यांच्या उंबरठ्यापाशी अडावी हे खेदाचे होय.

हे केवळ अरबी मुलखांचे वैगुण्य आहे असे मात्र मानू नये. पुण्या-मुंबईचे अभियंते अमेरिकेत एच-१बी या परवान्यावर जातात. तो एका वेळी तीन वर्षांपर्यंत मिळतो, सामान्यतः सहा वर्षांपलीकडे जात नाही, आणि त्याच्या वाढीचा अर्जही मालकच करतो. नोकरी सुटली तर नवा मालक शोधण्यास ६० दिवसांपर्यंतची मुभा, तीही २०१७ पासूनची. पगारात जमीन-अस्मानाचे अंतर, पण गाठ तीच.

मग राजेश्वरच्या घराने करावे काय? पहिली गोष्ट, तारीख स्वतः पाहावी. अबशर या सरकारी सोयीवर कामगारास आपल्या इकाम्याची मुदत भ्रमणध्वनीवर पाहता येते, आणि किवा या सोयीवर आपला नोंदलेला करार. मालकाने करार नोंदविला म्हणजे तो वाचून मगच मान्यता द्यावी. वाचता येत नसल्यास जाणत्याकडून वाचवून घ्यावा. मुदत संपण्यापूर्वी दोन-तीन महिने आधी लेखी विचारणा करावी. तो संदेश पुढे पुरावा होतो. पासपोर्टची मुदतही पाहावी. तो संपत आला असेल तर इकाम्याचे काम अडते, आणि पासपोर्टचे नूतनीकरण तेथील भारतीय वकिलातीमार्फत करावयाचे असल्याने त्यास वेळ लागतो.

भारतातील कागदांचेही असेच. १९८३ च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे दहावी न झालेल्या कामगाराला आखातासह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना परवानगी घ्यावी लागते. या बाजूच्या लोकांना तीसाठी हैद्राबादची कचेरी जवळची. त्या वेळी प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा उतरविला जातो. हप्ता दोन वर्षांस २७५ रुपये आणि तीन वर्षांस ३७५ रुपये, आणि अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण. इकामा वाढत जातो, कामगार पाच-सहा वर्षे तेथेच राहतो, आणि हा विमा मात्र तिसऱ्या वर्षीच संपून गेलेला असतो! तो परदेशात असतानाही वाढविता येतो. इतक्या स्वस्तात इतके मोठे छत्र मिळत असता ते गळून पडू द्यावे, यासारखी हळहळ वाटण्याजोगी गोष्ट नाही. मालकाने खरोखरच फसविले तर ‘मदद’ या परराष्ट्र खात्याच्या सोयीवर घरच्या माणसालाही तक्रार नोंदविता येते. त्यासाठी कामगाराच्या पासपोर्टची आणि इकाम्याची प्रत गावी असली पाहिजे. पुष्कळ घरांत ती नसते.

वर्षे साचत नाहीत असे वर म्हटले. त्याला एकच अपवाद आहे, आणि तो पैशाचा आहे. सौदी कायद्याप्रमाणे नोकरी संपताना मालकाने सेवासमाप्तीची रक्कम द्यावयाची असते. ती पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षास अर्ध्या महिन्याचा पगार आणि त्यापुढे दर वर्षास पूर्ण महिन्याचा, या दराने मोजतात. १,५०० रियाल पगारावर बारा वर्षे काम केलेल्या माणसाचे पहिल्या पाच वर्षांचे ३,७५० आणि पुढील सात वर्षांचे १०,५०० मिळून १४,२५० रियाल होतात. त्याने स्वतः राजीनामा दिला असेल तर दोन वर्षांच्या आत काही मिळत नाही, दोन ते पाच वर्षांत एकतृतीयांश, पुढे दहा वर्षांपर्यंत दोनतृतीयांश, आणि दहा वर्षे झाल्यावर सर्व. म्हणून साडेनऊ वर्षे झालेल्या कामगाराने रागाच्या भरात चिठ्ठी लिहून देण्यापूर्वी उरलेल्या सहा महिन्यांचा विचार करावा, आणि त्या सहा महिन्यांपुरता इकामा वाढलेला आहे की नाही हेही पाहावे. ही रक्कम हाती न घेताच ‘सर्व पावले’ अशा कागदावर सही करून अंतिम परवान्यावर परत आलेले लोक पुष्कळ असतात. दावा करण्यास नोकरी संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत आहे. तेवढ्या काळात गावाहूनही तेथील कोणास मुखत्यारपत्र देऊन दावा लावता येतो. मात्र ते मुखत्यारपत्र रीतसर साक्षांकित करून घ्यावे लागते, आणि त्यातच दोन-तीन महिने सहज निघून जातात.